बराबर जागी हसा

खुर्शीद सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझी जीभ आपोआप वरच्या पुढच्या दाताच्या मोकळ्या जागेत गेली. तो दात त्यांच्यापायी गेला. म्हणजे मारणारा दुसराच होता, पण तो मार मुळात त्यांच्या नावाचा होता आणि मी तो फुकट खाल्ला. म्हणून आधीच सांगतो, त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून नुसतं गोड गोड निघणार नाही. माणूस गेला की लोक त्याला लगेच धुऊन, इस्त्री करून उभा करतात. शाळेच्या ग्रुपवर कालपासून ‘प्रेमळ गुरुवर्य’ चाललंय. प्रेमळ! ज्यानं हे टाकलंय त्याच्या तळहातावरचे वळ मी या डोळ्यांनी पाहिलेत.

शिरड शहापूरच्या अलीकडं, फाट्यावरून आत एका गावात आमची शाळा. मी गणिताला, ते इंग्रजीला. ते आखाडा बाळापूरहून रोज मोटारसायकलवर यायचे. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, दाढीला मेंदी, आणि गाडीच्या हँडलला आडवा बांधलेला निरगुडीचा फोक. फोक दर सोमवारी नवा. जुना तोवर चिंबून गेलेला असायचा. मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे हे आम्हाला परिपत्रकानं कळवलं होतं, आणि ते परिपत्रक हेडसरांच्या कपाटात अगदी नीट ठेवलेलं होतं. पालकही असे, की पोरगं शाळेत घालताना सरांसमोर उभं करून म्हणायचे, “सर, मारा. पन इंग्लिशमधी तेवढं काढा.” सर काढायचे. दहावीला त्यांच्या विषयात पोरं क्वचित नापास व्हायची. पण मला विचाराल तर त्या तळहातांच्या बदल्यात तो निकाल महाग होता, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

रुजू झालो त्याच आठवड्यात शेजारच्या वर्गातून एक विचित्र आवाज कानावर आला. आधी शांतता, मग पोरांचं हसू, मग सपकन् फोक. पुन्हा शांतता, हसू, सपकन्. मला वाटलं पोरं सरांना हसतायत आणि मार खातायत. खडू ठेवून दारात गेलो.

खुर्शीद सर बाकांमधून फिरत होते.

“तू हसला?”

“व्हय सर.”

“काहून हसला?”

“सगळे हसले म्हनून सर.”

“हात.” दोन सपके. “दुसऱ्याचं हसू उसनं घेतो व्हय बे? दोन.”

पुढचा बाक. “तू काहून हसला?”

“तो साहेब चिखलात पडला सर.”

“हात.” एक. “पडल्यावर तर कोनी बी हसंल. त्याच्यासाठी इंग्लिश कशाला पायजे?”

तिसऱ्या बाकावरचं पोरगं हसलंच नव्हतं. त्यालाही एक.

मी मधल्या सुट्टीत विचारलं, “अहो सर, हसलं तरी मार, नाही हसलं तरी मार, हा काय प्रकार आहे?” ते डबा उघडत होते. शांतपणे म्हणाले, “जाधव सर, बराबर जागी हसलं तर मारत न्हाई मी.”

ती एक गोष्ट होती. इंग्रजीतली फार जुनी, विनोदी. पाठ्यपुस्तकातून ती कधीच गेलेली, पण सर दर जानेवारीत अभ्यासक्रम संपवून स्वतःच्या अक्षरातली तिची झेरॉक्स दहावीला वाटायचे. एका साहेबाला शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या आरवण्यानं झोप येत नाही. अकरा दिवस तो तळमळतो. बाराव्या पहाटे अंधारात कुऱ्हाड घेऊन निघतो, कुंपणावर चढतो, घसरतो, चिखलात पडतो, गरगरतो, उठतो, आणि समोर दिसलेल्या कोंबड्याची मान उडवतो. मग घरी येऊन गाढ झोपतो. सकाळी उठतो तर शेजाऱ्याचा कोंबडा छपरावर उभा राहून आरवतोय. आणि बायको चहा देता देता साधं विचारते, आपला कोंबडा कुठं दिसत नाही तो?

बस. कुंपणावरून तो आपल्याच बाजूला पडला होता. गोष्टीत हे कुठंच लिहिलेलं नाही. बायकोचा प्रश्न झाला की गोष्ट संपते. सरांचा नियम असा, की ही गोष्ट मराठीत सांगायची नाही, शब्दाचा अर्थ द्यायचा पण गंमत सांगायची नाही. रोज एकदा मोठ्यानं वाचायची. ज्याला ज्या दिवशी बायकोच्या प्रश्नावर आपलं आपण हसू येईल, तो सुटला. त्याला बाहेर चिंचेखाली बसायची परवानगी. बाकीचे उद्या पुन्हा, फोकासकट. काहींना चार दिवस लागायचे, काहींना पंधरा.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, हिंगोलीच्या डेपोत, बस लागायची वाट बघताना. वडलांचं कल्हईचं दुकान होतं. सर चौदा वर्षांचे असताना भाता ओढायचे. रद्दीत ती गोष्ट छापलेलं पान आलं. महिनाभर ते एकेक शब्द जुळवत बसले. मग एका दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना, बायकोच्या प्रश्नाचा उलगडा झाला आणि हे फसकन् हसले. बापाला वाटलं गिऱ्हाइकाला हसला. भट्टीतला तापला चिमटा तसाच फेकून मारला. सरांच्या डाव्या गालावर, मिशीच्या टोकापाशी जो व्रण होता तो त्याचा.

“चटका बसून राहिला, कातडी जळून राहिली, पन हसू थांबेना,” ते म्हणाले. “त्या रोजी मला समजलं की मला इंग्लिश येतं. कोनी सांगितलं न्हाई. सर्टिफिकेट न्हाई. हसू आलं, बस.”

मी म्हणालो, “आणि म्हणून तुम्ही पोरांना चिमटा फेकून मारता.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता मलाच एक बसते. तेवढ्यात बस लागली. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले नाहीत, मागं जाऊन उभे राहिले.

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. भला माणूस होता बिचारा. मागच्या बाकावर बसून गोष्ट ऐकली आणि नेमका चिखलात पडण्याच्या जागी खो खो हसला. सर वाचत वाचत मागं चालत गेले, सवयीनं म्हणाले, “हात,” आणि साहेबानं, देवाशप्पथ सांगतो, हात पुढं केला. फोक वर गेला. मी दारातून ओरडलो म्हणून तो बाकावर पडला. साहेबानं बाकावर काढून ठेवलेल्या चष्म्याची काच फुटली. नोटीस आली ती वेगळीच. हेडसर आठवडाभर कपाळ बडवत होते. सरांना वाईट एवढंच वाटलं, की तालुक्याच्या साहेबाला गोष्ट कळली नाही.

आता मंगलचं सांगतो.

मंगल दहावीत होती. अबोल, अभ्यासात बरी, गणितात माझी लाडकी. दोन वर्षांपूर्वी तिचा बाप बांधाच्या भांडणात चुलतभावावर कुऱ्हाड घेऊन धावला होता. चुलतभाऊ जागच्या जागी गेला. बाप तुरुंगात. मंगल त्या वेळी न्याहारी घेऊन शेतात गेलेली, वीस पावलांवर उभी होती. गावात हे सगळ्यांना माहीत, मलाही. बाळापूरहून येणाऱ्या आणि शाळा सुटली की गाडीला किक मारणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. त्याला सांगायचं मलाही सुचलं नाही, ही माझी चूक, आणि ती मी मान्य करतो.

घर चालवायचा तिचा काका, किसन. आडदांड गडी, डोकं गरम. पुतणीवर जीव होता, पण तिच्यासाठी एक सोयरीक आली होती आणि तिला शाळेतून काढायला त्याला निमित्त पाहिजे होतं. परीक्षेला महिना उरला होता. दहावीचा कागद हातात आला तर पुढं नर्सिंगला जाईन, असं मंगल मला म्हणाली होती. नाही आला तर मांडव. तिच्यापुढं एवढंच होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट सुरू झाली. आठवडाभरात सगळा वर्ग चिंचेखाली पोचला. मंगल एकटी उरली. सर रोज वाचायचे, ती समोर बघत बसायची. बायकोच्या प्रश्नावर सुद्धा चेहरा हलत नसे. रोज एक सपका. मग दोन. सरांना वाटायचं पोरगी हट्टाला पेटलीय, आणि हट्टाला ते दुप्पट हट्टानं भिडायचे. आठव्या दिवशी मला भिंतीपलीकडून आठ ऐकू आले. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत फिरलो. त्या परत फिरण्याची लाज अजून वाटते.

नवव्या दिवशी सरांनी फोक उचलला आणि तिनं हात पुढं केला नाही. उभी राहिली. आख्ख्या वर्षात जी पोरगी इंग्रजीत एक वाक्य बोलली नव्हती, ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, “सर, आय अंडरस्टँड द स्टोरी. द कॉक वॉज हिज ओन. आय अंडरस्टूड ऑन फर्स्ट डे. बट ही टुक द ॲक्स. माय फादर टुक द ॲक्स. आय कॅनॉट लाफ.”

आणि मग मराठीत, “आता मारा.”

चिंचेखालची पोरं खिडकीत गोळा झाली होती, त्यांनी हे मला सांगितलं. सर म्हणे फोक धरून तसेच उभे राहिले. मग विचारलं, “पैल्या दिवशी समजली होती?” ती व्हय म्हणाली. सर म्हणाले, “मंग मी आठ दिवस चुकीच्या जागी मारलं.” फोक टेबलाखाली टाकला आणि बाहेर गेले. मोटारसायकल ढकलत फाट्यापर्यंत चालत गेले. किक मारायचं विसरले की पाय चालला नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी ते हँडलला काही न बांधता आले आणि सरळ ऑफिसात शिरले. स्वतःविरुद्ध स्वतः अर्ज लिहून आणला होता. अमुक मुलीला मी इतके दिवस मारले, माझ्यावर कारवाई व्हावी. हेडसर तो घेईनात. “अहो, कशाला आ बैल मुझे मार,” म्हणाले. दोघांची जुंपली. तास रिकामा, म्हणून हेडसरांनी मला दहावीवर पाठवलं.

वर्गात गोंधळ. मी ओरडलो, कुणी ऐकेना. टेबलाखाली तो फोक पडलेला दिसला. उचलला आणि टेबलावर आपटला. मी आयुष्यात कुणाला मारलं नाही, नुसता आपटला. नेमक्या त्याच क्षणी दारात किसन उभा.

झालं होतं असं, की मंगलला आदल्या संध्याकाळी भाकरी थापता आली नाही. पीठ हाताला लागलं की ती कळवळायची. चुलतीनं हात उघडून पाहिले. सकाळी किसन काठी घेऊन निघाला. शाळेच्या आवारात एका पोराला विचारलं, “इंग्लिशचा तास कुठं हाय?” पोरानं बोट दाखवलं. समोर फळ्यावर कालचं इंग्रजी, टेबलाशी मास्तर, आणि मास्तरच्या हातात फोक. त्याला आणखी काय पाहिजे!

“माह्या लेकराचे हात फोडतो व्हय रे!”

पहिली काठी खांद्यावर बसली. मी “अहो, अहो” एवढंच म्हणू शकलो. दुसरी तोंडावर. मी टेबलावर आदळलो, टेबल माझ्यावर. तोंडात रक्त, रक्तात दात. पोरं किंचाळतायत, बाक पडतायत, आणि हा गडी मला शर्टाला धरून उचलतोय आणि परत मारतोय. मरतो आता, असं मला खरंच वाटलं. दोन लेकरं डोळ्यांपुढं आली.

तेवढ्यात खुर्शीद सर ऑफिसातून धावत आले. दारात दोन्ही हात पसरून ओरडले, “अरे, त्याला काहून मारून राहिला? तो गणिताचा हाय! इंग्लिशचा मी हाय, मी!”

किसनची काठी वरच थांबली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. तोंड उघडं.

“हा न्हाई?” तो म्हणाला.

आणि मंगल हसली.

खालून, टेबलाच्या पायांमधून मला ती दिसत होती. आधी तिनं सुजलेला हात तोंडावर धरला. मग फसकन् सुटलं, आणि मग ती अशी हसायला लागली की वाकली, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. मला राग यायला पाहिजे होता. आलाही. दात माझा पडला होता, हसायला काय झालं? सर मात्र किसनला विसरूनच गेले. तो काठी उगारून पुढ्यात उभा, आणि हे मान वळवून मंगलकडं बघतायत, चेहरा उजळलेला. “व्हय!” ते ओरडले. “बराबर जागी!”

त्याच वेळी किसनची काठी त्यांच्या उजव्या मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सर खाली बसले. पण हात आडवा केला नाही, आणि “आनखी मार, माझाच हाय तो” असं काहीतरी पुटपुटले. काकाच्या हातची काठी मंगलनं काढून घेतली. त्यानं ती देऊन टाकली.

तीन दिवसांनी सर माझ्या घरी हिंगोलीला आले. हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. माझं तोंड सुजलेलं. मी पोलिसात जायच्या तयारीत होतो, बायकोनं तर साडी बदललेली.

“जाधव सर, तक्रार देऊ नका.”

मी भडकलो. “का देऊ नको? तुमच्या पापाचा मार मी खाल्ला! दात माझा गेला! तुम्ही फोक चालवायचे, आणि हिशेब माझ्या तोंडावर?”

“तुमचं सगळं खरं हाय,” ते म्हणाले. “मी चुकलो. माझ्यावर द्या तक्रार, मी सही करतो. पन किसन आत गेला, तर त्या घरात गडीमानूस उरत न्हाई. पोरगी त्याच रोजी शाळेतून बंद. मी त्याला भेटून आलो. तो कबूल झाला. तक्रार न्हाई झाली, तर पोरगी परीक्षेला बसंल. सोयरीक थांबंल.”

“आणि माझा दात?”

 सर खाली मान घालून बसले. एवढा उंच माणूस, आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मावत नव्हता. मी त्यांना अर्धा तास वाटेल ते बोललो. ते ऐकून घेत राहिले. शेवटी बायकोच म्हणाली, जाऊ द्या, पोरीचं वर्ष आहे. मी तक्रार दिली नाही. खुशीनं दिली नाही असं कुणी समजू नये.

इंग्रजीच्या पेपरला सरांनी मला बळंच केंद्रावर नेलं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. गेटपासून लांब, रस्त्यापलीकडं लिंबाखाली किसन बसला होता. मंगलला त्यानंच आणून सोडलं होतं. आम्हाला पाहून उठला, माझ्या तोंडाकडं बघायचं टाळलं, आणि तीन चहा सांगून आला. मारणारा एक आणि मार खाल्लेले दोघे, असे आम्ही फुंकर मारत चहा प्यायलो.  तीन तास काढायचे होते.

मग सरांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. किसनला ती गोष्ट मराठीत सांगितली. नुसती सांगितली नाही, उठून करून दाखवली. प्लास्टरचा हात म्हणजे कुऱ्हाड. अकरा दिवस तळमळले, लिंबाच्या मुळावर चढले, घसरले, धुळीत पडले, गरगरले. चहावाला हसायला लागला, मीही हसलो. मग बायकोचा प्रश्न. सर थांबले.

किसन हसला नाही. कपातला गाळ बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे आपल्याच अंगनात पडला तो.”

“व्हय.”

“आमच्या दादाचं बी तसंच झालं की सर. बांधापल्याड गेलो समजला अन् आपलंच घर कापून आला.” आणि तो एवढा थोरला गडी गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. चहावाला आत गेला.

 मी सरांकडं पाहिलं. वर्षानुवर्षं एकाच जागी हसायला शिकवत आलेला तो माणूस काय म्हणतो, असं वाटलं. ते त्याच्या शेजारी धुळीत बसले, डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“रड,” ते म्हणाले. “जागा बराबर हाय.”

पेपर सुटल्याची घंटा झाली. मंगल पोरींच्या घोळक्यातून बाहेर आली, आम्हा तिघांना एका झाडाखाली पाहून थबकली. सरांनी प्लास्टरचा हात वर केला. ती रस्ता ओलांडून यायला लागली. त्या जूनमध्ये माझी बदली झाली, आणि सर मला पुन्हा भेटले नाहीत. काल फोन आला तो मंगलचा होता. बाळापूरच्या दवाखान्यात तिचीच ड्यूटी होती.